दमादम मस्त कलंदर : हे गाणं तुमच्याकडे कुठून आलं?

'लाल मेरी पत रखियो भला झूलेलालण' ही ओळ कानावरून गेली नाही असा माणूस महाराष्ट्रात शोधावा लागेल. वरातीत, उरुसात, ऑर्केस्ट्रात, कॉलेजच्या गॅदरिंगला, सगळीकडे हे गाणं वाजतं. वाजतं म्हणून आपण नाचतो, आणि नाचून झालं की विसरतो. ते कुणाला उद्देशून आहे, त्यात काय मागितलंय, याकडे फारसं लक्ष जात नाही. म्हणून हा अनुभव धागा.

थोडी पार्श्वभूमी सांगते. सय्यद उस्मान मरवंदी, म्हणजेच लाल शाहबाज कलंदर, तेराव्या शतकात सिंधमध्ये आले, सेहवणला राहिले आणि १२७४ च्या सुमारास तिथेच त्यांचं देहावसान झालं. लाल वस्त्रं घालत म्हणून लाल, असं सांगतात. सेहवण हे सिंधू नदीच्या उजव्या तीरावरचं फार जुनं गाव, मंचर सरोवराजवळचं. शाबान महिन्याच्या १८ तारखेला तिथला उरूस सुरू होतो आणि लाखो माणसं लोटतात. उरूस नसला तरी रोज मगरिबची, म्हणजे सूर्यास्तानंतरची नमाज झाली की दर्ग्याच्या अंगणात नगारे सुरू होतात आणि बाया-पुरुष धमाल घालतात. नगाऱ्याच्या ठेक्यावर अनवाणी पायांनी, मान झुलवत केलेली ती उपासना असते.

गाण्याचे शब्द अमीर खुस्रोंचे, त्यात बुल्ले शाहांनी भर घातली, असं सर्रास लिहिलं जातं. मला ते पटत नाही. आज गातात ती भाषा पंजाबी वळणाची आहे, तिच्यात सिंधचा मजकूर आहे, आणि एका लेखणीतून उतरलेल्या कवितेची घडण तिला नाही. फकिरांच्या तोंडून कडवी जुळत गेलेला तो कलाम वाटतो. आपण गुणगुणतो त्या चालीचा माग मात्र लागतो. १९५६ च्या 'जबरू' या पाकिस्तानी पंजाबी चित्रपटासाठी मास्टर आशिक हुसेन यांनी ती बांधली. १९६९ मध्ये 'दिलां दे सौदे'साठी नूरजहाँ गायल्या आणि गाणं घरोघरी गेलं. सत्तरच्या दशकात बांगलादेशच्या रूना लैला भारतात येऊन गायल्या आणि इकडच्या पिढ्यांनी ते त्यांच्याकडून ऐकलं. पुढे नुसरत फतेह अली खाँ, आबिदा परवीन, वडाली बंधू. प्रत्येकाने कडवी बदलली, चाल ताणली, नवी भर घातली, आणि तरी गाणं तेच राहिलं.

कोण श्रेष्ठ गायक, हा वाद इथे नको. तुमच्याकडे हे गाणं कुणी आणलं, कोणत्या वेळी म्हटलं जातं, त्याने तुमचं काय केलं, ते लिहा. नावं लिहू नका, गाव लिहा.

उल्हासनगर, कॅम्प नंबर ४ (निवृत्त शिक्षिका)

मी सिंधी. शाळा मराठी माध्यमाची, नोकरीही मराठी शाळेत, त्यामुळे लिहिते मराठीतच. आमची दादी लारकान्याजवळच्या गावची. १९४८ साली कराचीहून बोटीने मुंबईला आली आणि मग कल्याण कॅम्पात. महायुद्धातल्या लष्कराच्या बराकी होत्या त्या, मध्ये गोणपाटाचे पडदे लावून एकेका बराकीत कितीतरी कुटुंबं. पुढच्याच वर्षी, ८ ऑगस्ट १९४९ ला, राजाजींच्या हस्ते या वसाहतीला उल्हासनगर नाव मिळालं.

दादीकडे देव्हाऱ्यात आम्हा सिंधींचे इष्टदेव झूलेलाल यांची तसबीर होती, पल्ला माशावर बसलेले, पांढरी दाढी, हातात पोथी. संध्याकाळी पाण्याच्या लोट्याजवळ दिवा लावून ती हे गाणं म्हणायची. चित्रपटाची चाल तिने कधी धरली नाही. तिची चाल संथ, रडव्या वळणाची होती. मी कॉलेजात जाईपर्यंत मला हे झूलेलालचंच भजन वाटे. एका मैत्रिणीने सांगितलं की हे सेहवणच्या पीराचं आहे, तेव्हा मी घरी येऊन दादीला विचारलं. तिला त्यात काही नवल वाटलं नाही. म्हणाली, दोघेही लालच. सिंधमधल्या उडेरोलाल गावी जाऊन बघितलं असतंस तर विचारलंच नसतंस, तिथे एकाच आवारात मंदिर आहे आणि मजारही आहे, हिंदू उडेरोलाल म्हणतात, मुसलमान जिंदह पीर म्हणतात, आणि दोघेही डोकं टेकवतात.

गाण्यात एक कडवं आहे, आयांना लेकरं देणाऱ्या आणि बहिणींना भाऊ भेटवणाऱ्या पीराचं. दादी तिथे थांबायची. तिचा धाकटा भाऊ जमीन सोडायला तयार झाला नाही, तो तिकडेच राहिला. सुरुवातीला पत्रं आली. १९६५ नंतर ती बंद झाली. तो आहे की नाही हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. दादी त्या कडव्यापाशी थांबून पदर पुढे पसरायची, आमच्यात त्याला पल्लव पाइणं म्हणतात, आणि मग पुढचं म्हणायची. ती गेली त्या वर्षीही चालीहोचे, म्हणजे झूलेलालच्या व्रताचे, चाळीस दिवस तिने हे चुकवलं नाही. लोक या गाण्यावर नाचतात, मलाही आवडतं, चेटीचंडच्या, म्हणजे झूलेलाल जयंतीच्या, मिरवणुकीत मीसुद्धा छेज हा आमचा नाच खेळते. पण माझ्या कानात ते आधी एका बहिणीचं मागणं आहे.

सातारा

उल्हासनगरच्या ताईंचं वाचून आजोबांच्या वह्या काढल्या. ते सिंधू नदीवरच्या सक्करच्या बराजवर, म्हणजे बंधाऱ्यावर, ओव्हरसियर होते. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता, त्यामुळे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून निघालेली पुष्कळ मराठी मुलं तिकडे नोकरीला जात. बराज १९३२ मध्ये पुरा झाला, आजोबा नंतर कालव्यांच्या कामावर राहिले. कराचीत मराठी माणसांची चांगली वस्ती होती. नारायण जगन्नाथ वैद्यांच्या नावाची शाळा तिथे आहे, सिंधी लिपीच्या कामात आणि शाळा काढण्यात या माणसाचा मोठा वाटा.

सक्करहून कराचीला जायचा एक रेल्वेमार्ग रुक, लारकाना, दादू, सेहवण, कोटरी असा नदीच्या उजव्या बाजूने जातो. आजोबा एकदा सोबतच्या सिंधी मिस्त्रीच्या आग्रहावरून सेहवणला उतरले. वहीत त्यांनी गाण्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. लिहिलंय ते नगाऱ्याबद्दल. 'आरंभी विलंबित, मग दुगुण, मग मोजता येत नाही. वाद्य कानाने ऐकू येते त्याआधी छातीस कळते. स्त्रिया केस मोकळे सोडून डुलतात, कोणी त्यांस हटकीत नाही.' आणि शेवटी: 'जेजुरी आठवली.'

वर लिहिलंय की चाल १९५६ ची. म्हणजे आजोबांनी हे गाणं आजच्या रूपात ऐकलेलं असणं शक्य नाही. पण १९६० नंतर रेडिओवर ते लागलं की म्हातारा ताठ बसायचा, हे वडिलांनी पाहिलेलं आहे. माझं म्हणणं असं की चित्रपटाने चाल दिली, पण ठेका सेहवणचाच घेतला. आजोबांनी गाणं नाही, ठेका ओळखला.

मिरज

आमचं बँडवाल्यांचं घर. वडील क्लॅरिनेट वाजवत, मी ट्रम्पेट. मिरजेला ख्वाजा शमना मीरासाहेबांचा दर्गा, अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर त्याच आवारात, आणि त्यांच्या पुण्यतिथीला तिथे गाणं असतं. उरुसात मानाचा गलेफ, म्हणजे कबरीवर चढवायची चादर, चर्मकार समाजाचा. अशा गावात वाढल्यावर दर्ग्याचं गाणं कुणाचं हा प्रश्न पडत नाही.

बँडच्या बाजूने सांगतो. आमच्याकडे गाणी दोन प्रकारची. काही बसून ऐकायची, काही चालत वाजवायची. चालत वाजवायच्या गाण्याला दम मोडेल अशी लांब ओळ चालत नाही. 'दमादम मस्त कलंदर' ही ओळ तुटक आहे, चार पावलांत बसते, आणि मधे 'अली दम दम दे अंदर'ला कोरस आपोआप उचलतो. नवखा वाजवणारा असला तरी निभतो. दुसरं, मुखडा कितीही वेळा फिरवा, लोक कंटाळत नाहीत. वरात एखाद्या चौकात अडली, पुढे ट्रॅफिक आहे, तर आम्ही हेच लावून ठेवतो.

पण गलेफाच्या मिरवणुकीत वडील ते वेगळं वाजवत. लय निम्मी. क्लॅरिनेट खालच्या सप्तकात. ताशा बंद, फक्त ढोल. लग्नात जे लोक शिट्ट्या मारतात तेच लोक तेव्हा टोपी सावरून चालतात. वडील म्हणत, लग्नाला वाजवतो ते पोटासाठी, हे पीराला हाजिरी. आता क्लॅरिनेटवाले कमी झाले, डीजे आला. गलेफाला मात्र अजून आम्हीच.

पुणे

छोटंच आहे. नव्वदच्या दशकात नुसरत यांची कॅसेट हॉस्टेलवर कुणीतरी आणली. 'मस्त मस्त' या नावाचा अल्बम १९९० चा, त्यावर मॅसिव्ह अटॅक या ब्रिटिश मंडळींनी केलेला रीमिक्सही होता. त्यातून मूळ कव्वालीकडे, कव्वालीतून आबिदाबाईंकडे, आणि तिथून सिंधी सूफी कवी शाह अब्दुल लतीफ भिटाईंच्या काव्याकडे गेलो. आज सिंधी वाचायला शिकतोय, वय पन्नास. हे सगळं एका कॅसेटमुळे.

चिपळूण (सध्या मुंब्रा)

मी कोकणी मुसलमान आहे, आणि मला थोडं वेगळं सांगायचंय. हे गाणं सगळ्या मुसलमान घरांचं आहे असं समजू नका. आमच्याकडे भक्तीचं गाणं म्हणजे मौलूद, पैगंबरांच्या जन्माचं स्तुतिगान. रबीउल अव्वलमध्ये घरोघरी बर्जंजी वाचतात, 'या नबी सलाम अलैका' आलं की सगळे उभे राहतात, गुलाबपाणी शिंपडतात, उदबत्ती फिरते, शेवटी तबर्रुक वाटतात. वाद्य नाही. अब्बांना वाद्यांवर अल्लारसूलचं नाव घेणं रुचत नसे, आणि ते कुणाशी न भांडता, शांतपणे रेडिओ बंद करत. त्यांची श्रद्धा मी हलकी लेखणार नाही.

दुसरी अडचण 'अली दा पहला नंबर' या ओळीची. सुन्नी घरात खलिफांचा क्रम अबू बक्र, उमर, उस्मान, अली असा शिकवतात. मग पहिला नंबर कसा? लहानपणी मला ही ओळ खटकायची. नंतर आमच्याच मोहल्ल्यातल्या एका बुजुर्ग मौलानांनी समजावलं की बहुतेक सूफी सिलसिले, म्हणजे गुरुपरंपरा, हजरत अलींपर्यंत जाऊन मग रसूलांपर्यंत पोचतात. कव्वाल म्हणतो तो पहिला नंबर तरीकतेच्या, म्हणजे सूफी साधनेच्या, वाटेवरचा, तख्तावरचा नव्हे. शिया भाऊ त्याचा अर्थ आपल्या परीने घेतात. मला मौलानांचं उत्तर पुरलं.

आता माझ्या मुली हे गाणं लावतात. अब्बा नाहीत. मी बंद करत नाही, पण अजानच्या वेळी आवाज आपोआप कमी होतो, तेवढं त्यांना सांगावं लागत नाही. आणि खरं सांगू, आबिदा परवीन गातात तेव्हा तो मला मौलूदच वाटतो. डोळे मिटून, हात वर करून त्या जे मागतात ते स्वतःसाठी नसतं.

धागाकर्ती

चिपळूणच्या ताई, हे लिहिलंत म्हणून मनापासून आभार. 'सर्वधर्मसमभावाचं गाणं' असं म्हणून आपण मोकळे होतो आणि ज्यांच्या घरात त्यावर खराखुरा विचार झालेला असतो त्यांना कुणी विचारत नाही. या धाग्यावर असे वेगळे सूर यायलाच हवेत.

साताऱ्याच्या दादांना विनंती, वहीतली ती पानं सवडीने पूर्ण टंकून ठेवा.

अहिल्यानगर जिल्हा

सेहवणच्या बाबतीत एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. तिथले हिंदू लाल शाहबाज कलंदरांना राजा भर्तृहरी मानत आले आहेत. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसलो, कारण आमच्या घरात श्रावणात नवनाथांची पोथी लागते आणि भर्तरीनाथ त्या नवांतले एक. राज्य सोडून जोगी झालेला राजा. सिंधमध्येही नाथजोगी होते, भिटाईंच्या काव्यात जोग्यांवर आख्खा सूर, म्हणजे अध्याय, आहे. आमच्याच जिल्ह्यात मढीला कानिफनाथांना शाह रमजान म्हणणारे भक्त आहेत. यावरून आज वाद होतात, तेही रोज वाचतो. पण ज्या काळात ही दुहेरी नावं पडली त्या काळातल्या माणसाला आपल्या गावच्या जोग्यात पीर आणि पीरात जोगी दिसला, एवढं तरी त्यातून कळतं. सेहवणच्या उरुसात मेंदीच्या विधीचा मान हिंदू घराण्याकडे आहे, आणि तो फाळणीनंतरही टिकला आहे.

मँचेस्टर

मी मूळची नाशिकची, इथे फिजिओथेरपिस्ट. वॉर्डवरची माझी सहकारी सिंधमधल्या दादू जिल्ह्यातली, सेहवणपासून फार लांब नाही. पहिल्यांदा तिच्या घरी गेले ती तिच्या धाकट्या बहिणीच्या मेंदीला. बायका ढोलकी घेऊन बसल्या होत्या, कुणीतरी चमच्याने ढोलकीच्या लाकडावर ठेका धरला, आणि हे गाणं सुरू झालं. मला सगळी कडवी येत होती. आईकडून आलेली, आईला रूना लैलांच्या रेकॉर्डवरून. सहकारीच्या अम्मांनी मला जवळ ओढून बसवलं आणि उरलेली रात्र माझ्याकडूनच गाऊन घेतलं.

१६ फेब्रुवारी २०१७. गुरुवार होता, गुरुवारी सेहवणला जास्त गर्दी. संध्याकाळच्या धमालीच्या वेळी दर्ग्यात आत्मघाती स्फोट झाला आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. बाया आणि मुलंही. माझी सहकारी त्या रात्री ड्यूटीवर होती. तिचे मामा दर गुरुवारी जाणारे. फोन लागत नव्हते. ती पेशंटला उभं करत होती, चालवत होती, आणि मधून मधून फोन बघत होती. मामा त्या दिवशी गेले नव्हते. शेजारच्या घरातले दोघे गेले होते, ते परत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिने मला बातमी दाखवली. पहाटे साडेतीनला, रोजच्या वेळी, दर्ग्याच्या खिदमतगाराने अंगणात येऊन घंटा वाजवली होती. फरशीवर रक्त होतं तरी. काही दिवसांत कराचीच्या नृत्यांगना शीमा किरमानी सेहवणला गेल्या आणि त्याच अंगणात धमाल घातली. गाण्यात एक ओळ आहे, हिंद-सिंधमध्ये तुझी नौबत वाजते, सोबत घड़ियाल, म्हणजे घंटा, वाजतं. इतकी वर्षं मी ती यमकासाठी आलेली ओळ समजून गात होते. अम्मा म्हणाल्या, ते घड़ियाल आम्ही लहानपणापासून ऐकतोय, ते खरंच वाजतं.

तेव्हापासून मी ते कडवं गाळून कधी गाणं म्हटलेलं नाही. हे सगळं मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

पिंपरी

आमची चाळ पिंपरी कॅम्पाला लागून. शेजारच्या सिंधी काकींनी मला दाल पकवान शिकवलं, कोकी शिकवली आणि हे गाणंही. लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं. सासरी बोलणी खाल्ली. डॉक्टर, औषधं, सगळं चालू होतं. एका चेटीचंडला काकी मला बहराणा साहिबाच्या मिरवणुकीत घेऊन गेल्या. थाळीत कणकेचा दिवा, फळं, फुलं, मिसरी, आणि शेवटी नदीवर विसर्जन. ताहिरीचा, म्हणजे गोड भाताचा प्रसाद. वाटेत 'चार चराग तेरे बलण हमेशा, पंजवां मैं बालण आई' आलं तेव्हा काकींनी मला सांगितलं, तुझे चार दिवे कायम जळत असतात, पाचवा लावायला मी आलेय, असं ती बाई म्हणतेय. माझ्या हातात दिवा दिला.

मुलगी झाली ती उपचारांनी झाली, यात मला शंका नाही आणि डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. पण त्या वर्षांत मला कुणी कोणत्याही ओवाळणीला पुढे बोलवत नसे. त्या दिवशी बोलावलं. गाण्यातल्या बाईच्या शेजारी मला जागा मिळाली. हे गाणं इतकं का टिकलं असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. मागणाऱ्या बाईला त्यात कुणी तू कोण, कुठली, असं विचारत नाही.

नागपूर, जरीपटका

आमच्या भागात चेटीचंड गुढीपाडव्याला लागूनच येतो, कधी एकाच दिवशी. सकाळी मराठी शेजाऱ्यांची गुढी, संध्याकाळी आमची मिरवणूक. 'आयो लाल, सभेई चओ झूलेलाल' म्हणत निघतो आणि थोड्याच वेळात हे गाणं सुरू होतं.

जुन्या लोकांकडून ऐकलेली एक गोष्ट नोंदवतो. फाळणीनंतर विखुरलेल्या सिंधी लोकांना एकत्र आणणारं काहीतरी हवं होतं, राज्य नव्हतं, भूमी नव्हती. मुंबईत प्रा. राम पंजवाणी यांनी झूलेलालचं नाव पुन्हा घरोघरी नेलं. मटक्यावर ठेका धरून ते गात. सांताक्रूझचं सीता सिंधु भवन त्यांचंच. १९८७ साली ते गेले. चेटीचंडला मोठ्या मिरवणुका काढायची आजची रीत त्या पिढीने बसवली. आणि गंमत पाहा, झूलेलालच्या मिरवणुकीत सगळ्यात जास्त वाजणारं गाणं सेहवणच्या मुसलमान दरवेशाचं. अलीकडे काही तरुण म्हणतात, 'अली'ची ओळ काढा, 'मस्त कलंदर' काढा, शुद्ध झूलेलालचं ठेवा. आमच्या पंचायतीत एका ज्येष्ठांनी उठून सांगितलं, मी सिंधमध्ये जन्मलो, हे मी तिथे जसं ऐकलं तसंच गाईन, तुम्हाला नवं हवं तर नवं लिहा. विषय तिथेच संपला. ओळ आहे.

कल्याण

संगीतशिक्षक आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात हे गाणं बसवताना दर वर्षी प्रश्न येतो, किती कडवी घ्यायची? वेळ पाच मिनिटांचा. पूर्वी मी नुसता मुखडा आणि एक कडवं घेऊन नाच बसवत असे. दोन-तीन वर्षांपासून मुलांना आधी शब्द देतो, अर्थ सांगतो आणि कडवं त्यांनाच निवडायला लावतो. सातवीच्या मुलींनी दिव्यांचं निवडलं. आठवीच्या मुलांनी नौबतीचं, ढोल वाजवायला मिळतो म्हणून. वर्गातल्या एका मुलीला बहिणीला भाऊ भेटवणारं कडवं हवं होतं. तिचा भाऊ सैन्यात आहे, बदली लडाखला. तिने एकटीने म्हटलं, बाकीच्यांनी फक्त मुखड्याला साथ दिली.

उल्हासनगरच्या ताई, तुमच्या दादींची संथ चाल तुमच्या गळ्यात असेल तर मला ती शिकायची आहे. शनिवारी-रविवारी केव्हाही येईन. पेटी घेऊन येतो.

उल्हासनगर, कॅम्प नंबर ४

सर, रविवारी सकाळी या. दादीची पूर्ण चाल माझ्यापेक्षा माझ्या मोठ्या बहिणीला येते, तिलाही बोलावते. पेटी नको, दादी कधी वाद्यावर म्हणत नसे. टाळी चालेल.